फुकट ते पौष्टिक?

"मी गोरेगावचा" असं पुण्यात कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "ईस्ट की वेस्ट?"

ना ईस्ट, ना वेस्ट. गोंदिया. मुंबईहून संध्याकाळी विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसायचं, दुसऱ्या दिवशी दुपारकडे गोंदियाला उतरायचं आणि तिथून कोहमाऱ्याच्या रस्त्याने पुढे जायचं, की लागतं ते आमचं गोरेगाव. तालुक्याचं ठिकाण आहे. धानाच्या बांध्या आहेत, तलाव आहेत, आणि पुढे गेलं की नागझिऱ्याचं जंगल. फिल्मसिटी नाही. नाव एकच, पत्ता वेगळा. कंपनीतल्या एका मित्राने माझ्या लग्नाची पत्रिका वाचून "अरे वा, लोकलनेच येतो" असं म्हटलं होतं, ते अजून विसरलेलो नाही.

हे आज आठवायचं कारण म्हणजे 'फ्री' हा शब्द. त्याचंही असंच आहे. नाव एकच आणि पत्ते दोन, आणि चुकीच्या पत्त्यावर गेलं की काय होतं ते गेल्या दिवाळीत आमच्या घरीच बघायला मिळालं.

२०२५ ची दिवाळी. महाराष्ट्र एक्स्प्रेसने अख्खा एक दिवस घासत घरी पोचलो. भाऊबीजेला ताई, भाऊजी, भाचा आणि भाची आले होते. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, म्हणजे दिवसा जत्रा आणि रात्री झाडीपट्टीचं नाटक. त्यामुळे पाहुणे भाऊबीज झाल्या झाल्या लगेच निघत नाहीत. वातावरण एकदम झकास. फक्त भाऊजी गप्प गप्प. विचारलं तर आधी सांगेनात. मग ताईनेच सांगितलं. धान कापणीच्या मजुरीचे पैसे फोनवरून पाठवायला गेले, तर खात्यात पैसे कमी. मागचे व्यवहार काढून बघितले, तर तीन आठवड्यांत २९ रुपये, ७९ रुपये, १४९ रुपये, पुन्हा १४९, पुन्हा पुन्हा १४९, असे करत ३,७४० रुपये एका मोबाइल गेमला गेलेले.

भाचा आठवीत आहे. पिन त्याला माहीत होता, कारण कृषी केंद्रात खताचे पैसे द्यायचे तर भाऊजी फोन त्याच्याच हातात देतात. चोरी वगैरे काही नाही. घरातला 'आयटी डिपार्टमेंट' तोच. तुमच्यापैकी अर्धे लोक आपापल्या घरात याच मार्गाने इंजिनियर झालेत, उगाच नाकं मुरडू नका.

मी त्याला मागच्या अंगणात नेलं. रागावायचं असं ठरवूनच नेलं होतं. तर तो मलाच म्हणतो, "पण मामाजी, गेम तं फोकटचा हाय ना!"

आता हसावं की रडावं?

---

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी, नाहीतर पुढचं सगळं लिहायचा मला अधिकार नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी दीडेक वर्ष असाच एक 'फ्री' गेम चालवणाऱ्या कंपनीत होतो. नाव सांगणार नाही, विचारूही नका. माझं काम खेळ बनवायचं नव्हतं. खेळ बनवणारी टीम छोटीशी होती आणि कोपऱ्यात बसायची. आमची टीम मोठी. आमचं काम 'ऑफर'चं. म्हणजे गडी लागोपाठ तीनदा हरला की पडद्यावर काय आलं पाहिजे? तीन दिवस फिरकलाच नाही तर त्याच्या फोनवर संध्याकाळी किती वाजता घंटा वाजली पाहिजे? रोज आला तर सातव्या दिवशी पेटारा आणि एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्यापासून. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पहिली खरेदी. ती अगदी स्वस्त ठेवायची, २९ रुपये वगैरे. त्यात नफा नसतो. एकदा माणसाचा हात खिशात गेला की दुसऱ्यांदा जाताना अडखळत नाही, एवढ्यासाठीच ती असते. भरपूर खर्च करणाऱ्या गिऱ्हाईकाला या धंद्यात 'व्हेल' म्हणतात. देवमासा! आम्ही मीटिंगमध्ये हा शब्द बिनदिक्कत वापरायचो.

आणि मजा यायची हो. खोटं कशाला बोलू? एका बटणाचा रंग बदलायचा, अर्ध्या लोकांना एक दाखवायचा, अर्ध्यांना दुसरा, आणि संध्याकाळपर्यंत आलेख वर गेलेला बघायचा. मी नोकरी सोडली ती सद्सद्विवेकबुद्धी जागी झाली म्हणून वगैरे नाही. दुसरीकडे पगार जास्त मिळाला म्हणून सोडली.

तर भाऊजींच्या फोनवरची ती यादी मी बघितली. २९, ७९, १४९. मला ती यादी पाठ होती. आकडे नाही, पण चढण ओळखीची होती. आपणच घातलेला जिना असावा आणि त्यावरून आपलाच भाचा खाली गडगडत यावा, तसं झालं.

---

असो. मुद्द्यावर येतो.

इंग्रजी बिचारी गरीब भाषा आहे. (हसू नका, खरंच.) 'फ्री' या एकाच शब्दात तिला मोफत आणि मुक्त हे दोन्ही कोंबावे लागतात. रिचर्ड स्टॉलमनला १९८० च्या दशकापासून लोकांना हा फरक समजावून सांगत फिरावं लागलंय. आपल्याकडे दोन स्वच्छ शब्द असताना आपण मात्र दोन्हीला 'फ्री' म्हणून बसलोय. मोबाइलच्या दुकानात जे फ्री असतं ते मोफत असतं, म्हणजे आत शिरायला तिकीट नाही. आत गेल्यावर बसायला पैसे, उठायला पैसे, पाणी प्यायला जाहिरात. उलट मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे चालवा, उघडून बघा, बदला आणि शेजाऱ्याला कॉपी करून द्या. त्या खेळात दुकान घुसवलं, तर तो कोड घेऊन दुकान काढून टाकायला कोणीही मोकळा. म्हणून तिथे दुकान टिकत नाही. त्यामागे बनवणाऱ्यांचा चांगुलपणा आहे असं समजू नका. ते सगळं लायसन्सच्या रचनेतच आहे.

माझी तक्रार आपल्या, म्हणजे तुमच्या-माझ्या जमातीबद्दल आहे. दिवसभर आपण लिनक्सवर, पोस्टग्रेसवर, पायथनवर बसून पगार घेतो. म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरच्या जिवावर आपले हप्ते चालतात. दिवाळीत गावी गेल्यावर भाच्या-पुतण्यांना काय देतो? जुना स्मार्टफोन. "घे, खेळ." ज्या गोष्टीतलं आपल्याला खरोखर कळतं ती सोडून नेमकी ती गोष्ट देतो, जिच्यात काय लपलंय हे घरात फक्त आपल्यालाच माहीत असतं. आणि वर पुन्हा घरच्यांना ज्ञान देतो, "आजकालची मुलं ना, मोबाइल सोडतच नाहीत." अरे, सोडू नये म्हणूनच तर पगारी माणसं बसवलीयत! मी त्यातलाच एक होतो!

सरकारने कायदा केला की, असं कोणीतरी म्हणेल. केला. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा संसदेत दोन दिवसांत मंजूर झाला आणि पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर बंदी आली. चांगलं झालं. पण तो रमीसारख्या, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन डावांसाठी आहे. माझ्या भाच्याने पैसे जिंकायच्या आशेने भरलेच नव्हते. त्याने बंदुकीला निळा रंग विकत घेतला होता! बेल्जियमने २०१८ मध्येच पैसे भरून उघडायच्या बंद पेटाऱ्यांना जुगार ठरवलं. आपल्याकडे २०२० मध्ये पब्जीवर आणि २०२२ मध्ये फ्री फायरवर बंदी आली, तिची कारणं वेगळी होती, आणि पोरं आठवडाभरात दुसऱ्या कशावर तरी गेली. बंदीने जागा रिकामी होते. त्या रिकाम्या जागेत काय ठेवायचं हे कायदा सांगत नाही.

ते मी सांगतो.

---

माझ्याकडे बारा वर्षं जुना लॅपटॉप होता. चार जीबी रॅम. विंडोज ११ त्यावर चढत नाही, आणि विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला, म्हणजे बरोब्बर दिवाळीच्या तोंडावर, संपला. भंगारात काढणार होतो. त्याऐवजी त्यावर लिनक्स मिंटची हलकी, एक्सएफसीई वाली आवृत्ती टाकली आणि गावी नेला होता. खेळ पेनड्राइव्हवर पुण्याहूनच उतरवून नेले, कारण तिकडे दिवसाला दीड जीबीच्या पॅकवर ताईचं अख्खं घर चालतं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तो लॅपटॉप काढला. भाच्याने पहिल्या दोन मिनिटांत निकाल दिला. "हे काय मामाजी, ग्राफिक्स लय जुने हायेत."

बरोबर आहे त्याचं. मुक्त खेळ दिसायला बरेचदा गरीबच असतात. कोट्यवधींचं बजेट नाही, हौशी लोकांनी रात्री जागून काढलेली चित्रं आहेत. आणि आणखी एक कडू गोष्ट म्हणजे मुक्त खेळांतले बहुतेक अर्धवट सोडलेले, मरून पडलेले असतात. 'फुकट खेळांची शंभर नावं' छाप याद्या बघून उतरवायला गेलात तर विकांत वाया जाईल. मी गेली वीस वर्षं हे उद्योग करतोय. त्यातून जे उरलेत तेवढेच इथे.

पहिला मान बॅटल फॉर वेसनॉथचा. डेव्हिड व्हाइट नावाच्या माणसाने २००३ मध्ये सुरू केला आणि अजून जिवंत आहे, नुसता जिवंत नाही तर ठणठणीत. षटकोनी घरांचा नकाशा असतो, आळीपाळीने चाली करायच्या, थोडाफार बुद्धिबळासारखा मामला. पण बुद्धिबळात नसलेली एक भानगड यात आहे, ती म्हणजे नशीब. वार लागण्याची शक्यता आधीच टक्क्यांत दिसते. साठ टक्के दिसतंय म्हणून तुम्ही खुशाल पुढे जाता आणि चारही वार हुकतात. त्या वेळी तोंडातून जे शब्द निघतात ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. पण पाच-सहा डावांनंतर माणूस शिकतो की साठ टक्के म्हणजे शंभर टक्के नव्हे, आणि एक वार हुकला तरी उभं राहता येईल अशीच फौज लावायची. हे मला इंजिनियरिंगच्या प्रॉबॅबिलिटीच्या पेपरात कळलं नव्हतं.

आणखी एक गंमत म्हणजे दिवस-रात्र. पहाट, सकाळ, दुपार, सांज आणि रात्रीचे दोन प्रहर असं चक्र फिरत असतं. माणसांची फौज दिवसा पंचवीस टक्के जोरात लढते आणि रात्री तितकीच ढिली पडते. ऑर्क मंडळींचं उलटं. म्हणजे समोर शत्रू दिसला तरी कधी कधी गप बसून उजाडायची वाट बघायची. वाट बघायची! मी ज्या कंपनीत होतो तिथे खेळाडूला वाट बघायला लावायचे ते फक्त वाट बघायची नसेल तर पैसे भरावेत म्हणून. इथे वाट बघणं ही चाल आहे.

सुरुवात दोन भावांच्या गोष्टीच्या मोहिमेने करा. छोटी आहे, चारच लढाया. संवाद आम्ही इंग्रजीतच वाचले. भाचा मराठी शाळेतला, तो अडखळत वाचायचा आणि अडला की मला विचारायचा. 'रिट्रीट' म्हणजे काय हे त्याला आता जन्मात विसरता येणार नाही, कारण मी सांगेपर्यंत त्याचा घोडेस्वार मेला होता.

दुसरा ओपनटीटीडी. यावर मी वेगळा लेख लिहू शकेन, पण आवरतो. (आवरत नाही, माहितीये मला.) ख्रिस सॉयरचा 'ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्स' १९९५ चा. तो उलगडून लुडविग स्ट्रिगियसने २००४ मध्ये त्याची मुक्त आवृत्ती काढली. हाच गडी पुढे स्पॉटिफायमध्ये होता. २०१० च्या १.० आवृत्तीपासून त्याला स्वतःची मुक्त चित्रं मिळाली आणि मूळ सीडीची गरज संपली. उतरवायला शंभर एमबीसुद्धा लागत नाहीत. खेळ साधा आहे. सुरुवात १९५० मध्ये, डोक्यावर कर्ज, आणि तुम्ही रेल्वे, ट्रक, जहाजं चालवून पैसे कमवायचे. कोळशाची खाण इथे, वीजकेंद्र तिथे, मध्ये रूळ टाका.

आता आमच्या जिल्ह्यातल्या पोराला हे समजावून सांगावं लागत नाही. तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचं औष्णिक वीजकेंद्र आहे, कोळशाच्या मालगाड्या त्याने जन्मापासून पाहिल्यात. फाटकावर सायकल थांबवून डबे मोजण्यात त्याचं बालपण गेलंय. पण त्या गाड्या रिकाम्या परत का जातात, दोन गाड्या एका रुळावर कशा बसवतात, सिग्नल तिथेच का असतो, हे कधी कोणी त्याला विचारलं नव्हतं. खेळात त्याने एकाच रुळावर तीन गाड्या सोडल्या आणि तिन्ही एकमेकींच्या तोंडाशी अडकून उभ्या राहिल्या.

इथे आमच्या काकांची एंट्री. काका गोंदिया जंक्शनला पॉइंट्समन होते, निवृत्त होऊन जमाना झाला. जबलपूरकडची नॅरोगेज चालायची त्या काळातली गोष्ट. ते बाजूला खाटेवर सुपारी कातरत बसले होते. मान लांब करून बघितलं आणि म्हणाले, "असा नाही लावत गा सिग्नल. लूप कुठं हाय तुह्या स्टेशनात?" मग खाट जवळ ओढली. मग चश्मा मागवला. संध्याकाळी सातला बसलेले काका साडेनऊला उठले तेही काकूने जेवायला तीनदा हाक मारल्यावर. दोन तासांत त्यांनी भाच्याला लूप लाइन, होम सिग्नल आणि गाडी 'आत घेणं' म्हणजे काय ते शिकवलं. काकांनी आयुष्यभर केलेलं काम घरात कोणी इतक्या मन लावून ऐकलेलं मी पहिल्यांदाच बघितलं, आणि मी स्वतःसुद्धा कधी विचारलं नव्हतं.

तिसरा हेजवॉर्स. याचं फार कौतुक सांगत नाही, खेळून बघा. साळिंदरासारखे गुबगुबीत प्राणी एकमेकांवर बाझुका मारतात. वारा बघायचा, कोन बघायचा, मारायचं. मुख्य गुण असा की एकाच लॅपटॉपवर आळीपाळीने आठ जण बसू शकतात, इंटरनेटची गरज शून्य. मंडईच्या दिवशी नाटक सुरू व्हायला रात्रीचे दहा-साडेदहा होणार होते, लाइन गेलेली, लॅपटॉपच्या बॅटरीवर सात पोट्टे आणि ताई. ताईने भाऊजींच्या टीमचा जो चेंदामेंदा केला, त्यात गेल्या तीन आठवड्यांचा राग होता असं माझं मत आहे. भाऊजी त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

सुपरटक्सकार्ट धाकट्या भाचीसाठी. गाड्यांची शर्यत, केळ्याची सालं, एका पडद्याचे दोन भाग करून दोघांना खेळता येतं. जुन्या यंत्रावर ग्राफिक्स सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवा, नाहीतर पंखा विमानासारखा ओरडतो.

लुआंटी. हे नाव ओळखीचं वाटत नसेल तर मिनटेस्ट म्हणा, २०२४ मध्ये नाव बदललं. ठोकळे फोडा, ठोकळे रचा. नुसतं उतरवून उपयोग नाही, आतमध्ये जाऊन 'वॉक्सेलिब्रे' नावाचा खेळ वेगळा घ्यावा लागतो, ते इंटरनेट असतानाच करून ठेवा. मी विसरलो होतो. माझा त्या दिवसाचा दीड जीबी त्यातच गेला.

झीरो ए.डी. मी मुद्दाम शेवटी ठेवलाय. दिसायला यातला सगळ्यात देखणा, आणि यात चक्क मौर्य आहेत! चंद्रगुप्त, अशोक, हत्तीदळ. २०२५ च्या जानेवारीत आलेल्या आवृत्तीचं नाव 'अग्नि'. पण चार जीबीवाल्या जुन्या लॅपटॉपवर फौज मोठी झाली की हत्ती एक पाय उचलतो आणि चहा होईपर्यंत खाली ठेवत नाही. पुण्यातल्या तुमच्या दणकट यंत्रावर खेळा. गावाकडे नेऊ नका.

आणि बुद्धिबळ खेळायचं असेल तर लिचेस. थिबो द्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरने २०१० मध्ये सुरू केलं, देणग्यांवर चालतं. एक जाहिरात नाही, एक 'प्रीमियम' नाही. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हापासून आमच्याकडच्या पोरींना बुद्धिबळ ही 'आपल्याकडची' गोष्ट वाटायला लागलीय. हे त्यांच्या फोनवर टाकून द्या. फोन घेऊन टाका असं मी म्हणतच नाहीये.

---

आता तुमचे आक्षेप. "पोरांनी खेळावंच कशाला, अभ्यास करावा." हे म्हणणाऱ्याने आधी स्वतःच्या फोनमधला लुडो काढून टाकावा, मग बोलू.

"फुकट खेळ बनवणारे जगतात कशावर?" हा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो मला टोचतो. नोकरी वेगळी करतात आणि रात्री हे करतात. काही देणग्यांवर. आपण देत नाही. मी स्वतः पंधरा वर्षं एक पैसा दिला नव्हता, यंदा दिले. किती दिले ते सांगत नाही, पण ३,७४० च्या खाली जायचं नाही असं ठरवलं होतं.

आणि हो, पैसे घेऊन विकलेल्या खेळांना माझा विरोध नाही. उलट ते प्रामाणिक असतात. आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्सने २०२० मध्ये 'राजी' काढला. किंमत दुकानाबाहेर लिहिलेली, एकदा द्या, घरी न्या, विषय संपला. आमच्या लहानपणी गोंदियाच्या कॅफेत तासाचे पैसे मोजून आम्ही रोड रॅश खेळायचो. तास संपला की कॅफेवाला खांद्यावर हात ठेवायचा आणि उठवायचा. त्या माणसाचा तेव्हा फार राग यायचा. पण त्याला निदान आम्ही उठावं असं वाटत होतं, बाहेर दुसरी पोरं रांगेत असायची. आजच्या फोकटच्या गेमच्या दारात रांग नाही. त्याला तुम्ही कधीच उठायला नको असता.

म्हणून एखादा खेळ पोराच्या हातात द्यायच्या आधी मी आता एकच गोष्ट बघतो. तो बंद करायचा आणि आठ दिवसांनी उघडायचा. परत आल्यावर तो काय म्हणतो? वेसनॉथ काही म्हणत नाही. ठेवलेला डाव, ठेवला तसाच, ऑर्क जिथे होते तिथेच. तो दुसरा मात्र रुसलेला असतो, तुझी रांग तुटली, तुझा पेटारा गेला, तुझे मित्र पुढे निघून गेले. आठ दिवसांनी जो डोळे वटारतो तो फुकट नाही, तुमचे पैसे गेले असोत वा नसोत.

एक सूचना. हे खेळ त्यांच्या स्वतःच्या मूळ संकेतस्थळावरून किंवा लिनक्सच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधूनच घ्या. गूगलवर 'फ्री गेम्स डाउनलोड' टाकून वरच्या चकचकीत दुव्यावर टिचकी मारू नका, खेळाबरोबर काय काय पाहुणे येतील सांगता येत नाही. एकदा उतरवलं की मात्र पेनड्राइव्ह खुशाल फिरवा. आम्ही चोरून सीड्या कॉपी करत मोठे झालो, त्यामुळे हे सांगताना मला अजून गुदगुल्या होतात: हे कायदेशीर आहे. भाच्याच्या वर्गातल्या तिघांनी तो पेनड्राइव्ह नेला. त्यातल्या एकाच्या घरी कॉम्प्युटर आहे, एमएस-सीआयटीचा कोर्स करताना त्याच्या मोठ्या बहिणीने घेतलेला, त्यावर तिघं.

३,७४० रुपयांचं काय झालं? मी परताव्याचा अर्ज भरला. कारण म्हणून 'अल्पवयीनाने केलेली खरेदी' असं निवडलं. दोन दिवसांनी उत्तर आलं, एका यंत्राने लिहिलेलं, फार गोड भाषेत, नाही म्हणून. तशी उत्तरंही मी एके काळी बसवून दिलेली आहेत, त्यामुळे वाक्यरचना ओळखीची होती. भाऊजींना पैसे मी द्यायला गेलो तर त्यांनी घेतले नाहीत. "तुम्ही काऊन द्यायचे जी?" म्हणाले. मला ते सांगता आलं नाही. पिन मात्र त्यांनी बदललाय आणि आता खताचे पैसे स्वतः पाठवायला शिकतायत, भाचा बाजूला उभा राहून सांगतो.

परवा रात्री त्याचा फोन आला. दोन भावांच्या गोष्टीत तिसऱ्या लढाईत अडकलाय. "मामाजी, एकट्यानं जाऊन राह्यलो तं मारून टाकतेत."

मी विचारलं, "किती वाजलेत तुझ्या तिथे? म्हणजे गेममध्ये."

"रात्र हाय."

"मग थांब ना जरा."